फेसलेली मोहरी, ओव्याचं फूल आणि मुळावरची गाठ

हुबळीच्या केशवापुरात एखाद्या मराठी घरी केळ्याचं रायतं व्हायचं असलं की आधी मोहरी फेसली जाते. मोहरीची पूड, चमचाभर थंड पाणी आणि हात भरून येईपर्यंत घोटणं. थोड्याच वेळात नाकात झिणझिण्या येतात, डोळ्यांत पाणी उभं राहतं आणि कुणीतरी समाधानाने म्हणतं, ‘चढली मोहरी!’ तीच मोहरी फोडणीत टाकली तर तडतडते, खमंग लागते, पण नाकात जात नाही. दाणा एकच, मग गुण दोन कसे?

मोहरीच्या दाण्यात दोन वस्तू शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. एक सिनिग्रिन नावाचं गंधकयुक्त संयुग, दुसरं मायरोसिनेज नावाचं विकर. दाणा अख्खा असेतो त्यांची गाठ पडत नाही. तो फुटला आणि त्यात पाणी शिरलं की विकर सिनिग्रिनला तोडतं आणि अलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. नाकात चढतं ते हेच. फोडणीच्या कडकडीत तेलात विकर क्षणात निकामी होतं, म्हणून तिथे तिखटपणा जन्मालाच येत नाही. मोहरीने हा सगळा खटाटोप रायत्यासाठी मांडलेला नाही. तिला कुरतडायला येणाऱ्याच्या तोंडावर मारण्याचं ते हत्यार आहे, आणि कुरतडणारे फक्त जमिनीच्या वर नसतात.

केशवापूर ओलांडून शहराबाहेर पडलं की कुंदगोळ-नवलगुंदच्या बाजूला काळी माती लागते. तिच्यात कापूस, हरभरा आणि ब्याडगी मिरची. पश्चिमेला धारवाड-कलघटगीकडे माती तांबूस आणि हलकी होत जाते. हुबळी आणि धारवाड यांच्या मधल्या नवलूरचे पेरू तर प्रवाशांना पाठ असतात. या पट्ट्यात कुठे टोमॅटोच्या, वांग्याच्या किंवा भेंडीच्या वाफ्यात काही झाडं भर दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. पानं फिकट, वाढ खुंटलेली. शेतकरी खत वाढवतो, पाणी वाढवतो, फवारणी करतो. शेवटी वैतागून एक झाड उपटतो, तेव्हा मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसतात. कन्नड शेतकरी याला ‘बेरू गंटू’ म्हणतो, म्हणजे मुळाची गाठ. मराठी शेतकरी थेट ‘निमॅटोड आलाय’ असंच म्हणतो. सूत्रकृमी हा शब्द पुस्तकात राहिला.

गाठी करणाऱ्या या सूत्रकृमीचं शास्त्रीय नाव मेलॉयडोगायनी. अंड्यातून बाहेर पडणारं पिल्लू जेमतेम ०.४ मिलिमीटर लांब असतं आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो त्यातून ते वळवळत मुळाच्या टोकापर्यंत येतं. तोंडातली सुईसारखी सोंड खुपसून आत शिरतं आणि एका जागी कायमचं बसतं. त्याच्या लाळेने आसपासच्या काही पेशी फुगून राक्षसी होतात. याच पेशी त्याचं ताट. मादी फुगत फुगत नाशपातीच्या आकाराची होते आणि चिकट पिशवीत काहीशे अंडी घालते. उबदार जमिनीत हा फेरा महिन्याभरात पुरा होतो, म्हणजे टोमॅटोच्या एका हंगामात तीन-चार पिढ्या. मुळावरच्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत शिरते आणि दोष बुरशीवर जातो.

ही कीड नवी नाही. इंग्लंडमध्ये माइल्स बर्कली या पाद्र्याने १८५५ मध्ये काचघरातल्या काकडीच्या मुळांवर या गाठी पाहून त्याची नोंद केली. भारतातली पहिली नोंद १९०१ची. मद्रास इलाख्याचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ बार्बर यांनी देवाला नावाच्या ठिकाणी चहाच्या मळ्यात ती केली. पुढे सव्वाशे वर्षांत हिशेब केवढा वाढला, ते सूत्रकृमींवरच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाच्या आकड्यांवरून कळतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार देशातल्या प्रमुख पिकांचं सूत्रकृमींमुळे सरासरी २१.३ टक्के नुकसान होतं आणि त्याची किंमत वर्षाला सुमारे १०,२०४ कोटी रुपये भरते. बोंडअळीच्या बातम्या होतात. हे नुकसान जमिनीखाली असल्यामुळे त्याची बोंब होत नाही.

औषधं होतीच, आणि त्यांचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. पहिल्या महायुद्धात माणसांवर सोडलेला क्लोरोपिक्रिन वायू युद्ध संपल्यावर जमिनीत सोडला जाऊ लागला. १९५०च्या दशकात आलेलं डीबीसीपी हे औषध अमेरिकेत आणि मध्य अमेरिकेतल्या केळीबागांत भरपूर वापरलं गेलं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात ते तयार करणाऱ्या कामगारांना मुलं होत नाहीत हे उघड झालं, तेव्हा त्याचे दिवस भरले. मिथाइल ब्रोमाइड इतकं गुणकारी होतं की काचघरवाल्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. ते ओझोनचा थर खातं, म्हणून माँट्रियल कराराखाली श्रीमंत देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत शेतातला त्याचा वापर थांबवायचा असं ठरलं. आपल्याकडे गावोगावी ‘थिमेट’ नावाने ओळखलं जाणारं फोरेट २०१८च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालं. मागे राहिली ती रिकामी जागा. ती भरायला जगभरच्या प्रयोगशाळा ज्या अनेक वस्तूंकडे वळल्या, त्यांतल्या बऱ्याच आपल्या मिसळणाच्या डब्यात आणि ओट्यावरच्या फडताळात सापडतात.

आता वासाचंच का एवढं कौतुक? सूत्रकृमी मातीच्या ढेकळात, मुळाच्या सालीत, हात-दीड हात खोल कुठेही असू शकतात. पाण्यातून दिलेलं औषध पाणी जाईल तिथेच जातं, आणि मातीत ते वाटेल तसं झिरपत नाही. उडून जाणारा पदार्थ मात्र मातीतल्या हवेच्या पोकळ्यांतून पसरतो. वायूचे रेणू पाण्यात जितक्या वेगाने पसरतात त्याच्या साधारण दहा हजार पट वेगाने हवेत पसरतात. म्हणून तर हिंगाची डबी कपाटात उघडी राहिली की शेजारच्या चहाच्या भुकटीलाही तिची ओळख पटते.

पण त्यासाठी मातीत हवा हवी. जमीन चिखलमय असली तर पोकळ्या पाण्याने बुजलेल्या असतात आणि वास जागेवरच अडतो. कोरडीठाक असली तर तो भेगांतून वर निसटतो, शिवाय मोहरीतलं विकर पाण्याशिवाय कामालाच लागत नाही. पाणी आणि हवा दोन्ही जोडीने असलेल्या त्या मधल्या स्थितीला शेतकऱ्याकडे नेमका शब्द आहे: वाफसा. हा शब्द बोलतानाच वाफ ऐकू येते. शास्त्रज्ञ जमिनीतल्या ओलाव्याचे टक्के मोजून जे सांगतात ते शेतकरी मूठभर माती दाबून सांगतो. कुंदगोळकडच्या काळ्या मातीत आणखी एक अडचण आहे. तिच्यातले चिकणमातीचे कण असे रेणू आपल्याला चिकटवून घेतात, त्यामुळे हलक्या तांबड्या जमिनीत जी मात्रा पुरते ती काळीत पुरत नाही. त्यातल्या त्यात दिलासा इतकाच की गाठी करणाऱ्या सूत्रकृमीलाही हलकीच जमीन जास्त मानवते.

मोहरीचं हत्यार जमिनीत वापरण्याची रीत ऑस्ट्रेलियात नावारूपाला आली. जॉन किर्कगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तिला ‘बायोफ्युमिगेशन’ हे नाव दिलं. मराठीत तिला जैविक धुरी म्हणता येईल. मोहरी दाट पेरायची, फुलावर आली की बारीक तुकडे करून लगेच जमिनीत गाडायची, पाणी द्यायचं आणि वर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा. रायत्याची मोहरी फेसावी तसंच हे शेत फेसणं. पानं जितकी बारीक चिरडली जातील तितकी मोहरी जास्त चढते. कापून दिवसभर बांधावर ठेवली तर अर्धा जोर वाऱ्यावर जातो. दोन-तीन आठवड्यांनी जमीन उघडून, हवा खेळवून मग रोपं लावायची. तयार झालेलं आयसोथायोसायनेट सूत्रकृमीच्या प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं. इतकं करून काही दिवसांत ते स्वतःही विरून जातं.

इथे एक गोम आहे. मोहरीच्या कित्येक जातींच्या मुळांवर हेच सूत्रकृमी आनंदाने वाढतात. पीक वेळेवर गाडलं नाही, ‘अजून थोडं वाढू दे’ म्हणत महिनाभर ठेवलं, तर धुरी देण्याऐवजी पाहुण्यांना पंगत वाढल्यासारखं होतं.

बेळगावच्या आसपास कोबी भरपूर पिकतो, आणि कोबी-फ्लॉवर मोहरीच्याच कुळातले. काढणीनंतर राहणारा पाला ढिगाने बांधावर कुजतो. त्यात सिनिग्रिनसारखीच संयुगं असतात, प्रमाण कमी असलं तरी. एप्रिल-मेमध्ये तो पाला जमिनीत मिसळून, पाणी देऊन वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवलं तर दोन गोष्टी एकदम साधतात: उन्हाने माती तापते आणि तापलेल्या मातीत वायू अधिक सुटतो. कोबीचा पाला आणि ऊन यांच्या जोडीचा प्रयोग कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकात बुरशीजन्य मर रोगावर यशस्वी झाला होता. फुकटचा पाला आणि फुकटचं ऊन असताना फक्त कागदाचा खर्च अंगावर येतो, म्हणून छोट्या शेतकऱ्याने आधी विचार करावा तो याचाच. बाटलीतल्या वासांची पाळी नंतर.

बाटलीतला वासही आता मिळतो. अमेरिकेत अलाइल आयसोथायोसायनेटच जमिनीला धुरी देण्यासाठी २०१३ मध्ये नोंदवलं गेलं. ‘वनस्पतीतलं आहे, म्हणजे निरुपद्रवी’ असं मानणाऱ्याने ते उघड्यावर हाताळू नये. फेसलेल्या चमचाभर मोहरीने रडू येतं, इथे गोष्ट पिंपांची आहे.

मोहरीनंतर मान ओव्याचा. ओव्याच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल. त्याचे स्फटिक बाजारात ‘ओव्याचं फूल’ म्हणून मिळतात आणि कापूर व पुदिन्याच्या फुलाबरोबर एका शिशीत घातले की तिन्ही वितळून अमृतधारा होते. तीन घन पदार्थ एकत्र आले की पाणी कसं होतं याचं नवल लहानपणी बऱ्याच मराठी मुलांनी केलं असेल. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि थायमॉल बनून जगभर विकला जाई. कोरियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये हेच ओव्याचं तेल पाइनची झाडं मारणाऱ्या सूत्रकृमीवर वापरून पाहिलं आणि ते प्रभावी ठरलं.

त्याआधी, २००० मध्ये, इस्राएलमधल्या युजी ओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ मसाल्याच्या आणि सुगंधी वनस्पतींची तेलं गाठीच्या सूत्रकृमीवर तपासली. लिटरला एक मिलिलिटर या मात्रेने बारा तेलांनी ८० टक्क्यांहून जास्त पिल्लांची हालचाल थांबवली. बडीशेप आणि पुदिना वरच्या फळीत होते. जेवणानंतर तोंडात टाकायची बडीशेप मातीत इतकी जहाल निघेल असं कुणाला वाटलं असतं? वालुकामय मातीत किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅम तेल मिसळलं तेव्हा कुंडीतल्या काकडीच्या मुळांवरच्या गाठीही कमी झाल्या.

आता हेच गणित शेतावर मांडून पाहावं. एका एकराची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण आठ लाख किलो भरते. किलोमागे १०० मिलिग्रॅम धरले तरी एकरी ८० किलो तेल लागतं. ओव्यातून तेल निघतं शेकडा दोन ते चार. तीन टक्के धरले तरी अडीच टनांहून जास्त ओवा गाळावा लागेल, तोही एका एकरासाठी! टोमॅटोच्या कुठल्या भावात हे परवडणार? ‘ओव्याच्या तेलाने निमॅटोड मरतो’ असं सांगणारे बरोबरच सांगतात, फक्त ही बेरीज सांगायचं राहून जातं.

म्हणून खरी हुशारी आता तेल कुठे आणि कसं सोडायचं यात आहे. एडन रिसर्च या ब्रिटिश कंपनीने थायमॉल आणि जिरॅनिऑल यीस्टच्या पोकळ कवचात भरून विकायला आणलं. ते ठिबकमधून फक्त मुळाशी जातं आणि कवचातून हळूहळू सुटतं, त्यामुळे तेल सगळ्या रानाला पाजावं लागत नाही. यातलं जिरॅनिऑल आपल्या ओळखीचं आहे. खानदेश, निमाड आणि वऱ्हाडच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या रोशा गवतात, म्हणजेच तिखाडीत, ते भरपूर असतं. एकोणिसाव्या शतकात या गवताचं तेल, म्हणजे रोशेल, मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला पोहोचायचं आणि तिथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात भेसळ म्हणून मुरायचं. भेसळीच्या धंद्यातून निघालेलं ते तेल आता औषधाच्या रांगेत उभं आहे.

लसणाचीही तीच गोष्ट. पाकळी ठेचली की जे उग्र द्रव्य तयार होतं त्यापासून पुढे गंधकाची काही उडणारी संयुगं बनतात. त्यांच्यावर आधारलेले लसूणअर्काचे दाणे ब्रिटनमध्ये गाजराच्या शेतात पेरणीबरोबर सोडले जातात.

साखरपट्ट्यातल्या वाचकाने मात्र दक्षिण आफ्रिकेकडे पाहावं. क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या सेझेला इथे इलोवो कंपनीचा साखर कारखाना आहे. तिथे उसाच्या बगॅसमधून फरफ्युराल काढतात. बदामासारख्या वासाचा हा तेलकट द्रव एरवी रसायन उद्योगात जातो. तो सूत्रकृमींनाही मारतो हे लक्षात आल्यावर ‘क्रॉप गार्ड’ या नावाने शेतासाठी बाजारात आला. फरफ्युराल मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या फोलपटांपासून बनवलं होतं, म्हणजे टाकाऊतूनच. बेळगाव हा कर्नाटकातला सर्वांत मोठा ऊसजिल्हा, कोल्हापूर-सांगली शेजारी. इथले कारखाने बगॅस जाळून वीज करतात, ते वाईट नाही. पण त्यातला थोडा बगॅस या वाटेला लावून पाहायला कुणी पुढे यावं, एवढी अपेक्षा फार नाही.

प्रयोगशाळेतल्या यशाकडे थोडं तिरकं पाहायची सवय मात्र ठेवावी. काचेच्या ताटलीतल्या पाण्यात सूत्रकृमीला लपायला ढेकूळ नसतं. शिवाय वासाने निश्चल पडलेलं प्रत्येक पिल्लू मेलेलं नसतं. स्वच्छ पाण्यात ठेवलं की काही पुन्हा वळवळू लागतात, आणि ही दुसरी तपासणी न करता काढलेले शेकडे फसवे असतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या सुसान मेयर यांनी लवंगेच्या तेलावर काम केलं तेव्हा आणखी एक त्रास दिसला. ज्या मात्रेत सूत्रकृमी मरतो तिच्या आसपासच भाजीची कोवळी रोपंही जळतात. तेल आणि लागवड यांत अंतर ठेवावंच लागतं. म्हणजे हे वास लागवडीपूर्वीच्या जमिनीसाठी आहेत. उभ्या पिकाच्या मुळावर गाठी धरल्यावर कुठल्याही उग्र वासाने त्या विरघळत नाहीत, आणि तसं सांगून बाटली विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

झेंडूबद्दलही एक गैरसमज निस्तरायला हवा. दसऱ्याच्या आधी हुबळीच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात, कन्नडमध्ये त्याचं नाव ‘चेंडू हूवु’. बांधावर चार झेंडू लावले की त्याच्या वासाने निमॅटोड पळतो, असं सर्रास ऐकायला मिळतं. झेंडूचं हत्यार फुलाच्या वासात नाही, मुळात आहे. १९५८ मध्ये उलेनब्रुक आणि बायलू या डच शास्त्रज्ञांनी ते ओळखलं. अल्फा-टरथायनिल हे त्याचं नाव, आणि ते फारसं उडत नाही. झेंडूच्या मुळांचं जाळं जिथवर पोहोचेल तिथवरच त्याचा अंमल. म्हणून झेंडू दोन-तीन महिने सगळ्या रानात दाट घ्यावा लागतो. फुलांचे पैसेही होतात, हे वरकड. निंबोळी पेंडीचं काम पुन्हा निराळं. ती मातीत कुजताना अमोनिया सुटतो, सोबत कडुनिंबाची कडू द्रव्यं असतात, आणि तिच्यावर वाढणारे सूक्ष्मजीव उरलेलं काम करतात. हेक्टरी एक ते दोन टन पेंड लागवडीपूर्वी मिसळावी, ही जुनी शिफारस अजून टिकून आहे.

सूत्रकृमीला डोळे नाहीत. डोक्याच्या दोन बाजूंना गंध टिपणारे दोन खळगे असतात, त्यांच्यावर त्याचा सगळा प्रवास चालतो. म्हणजे झाड आपल्या मुळातून जे वास सोडतं, त्यातलेच काही शत्रूला घरचा पत्ता देतात. नैरोबीच्या इसिपे या कीटकविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मिरचीच्या चार प्रकारांच्या मुळांचे वास वेगळे करून पाहिले. सूत्रकृमींना ओढून घेणाऱ्या वासांत मुख्य होतं मिथाइल सॅलिसिलेट, ज्याचा वास सांधेदुखीच्या मलमांमुळे घराघरात माहीत आहे. या चारांपैकी ज्याच्याकडे सूत्रकृमी कमी वळत होते, त्याच्या मुळात एक जास्तीचा वास सापडला. तो होता थायमॉल, आपलं ओव्याचं फूल. ब्याडगी मिरची त्याच मिरचीजातीतली. तिच्या कोणत्या वाणाच्या मुळाला कसला वास आहे, हे तपासणं धारवाडच्या कृषी विद्यापीठाला आपल्या आवारातच जमण्यासारखं आहे. तेलाची बाटली विकत घेण्यापेक्षा बियाण्यातच वास असला तर शेतकऱ्याचा खर्च शून्य.

तोवर घरच्या घरी करता येईल असं एक काम आहे. गच्चीवरच्या कुंडीतला टोमॅटो असो की दोन एकर मिरची, पीक संपलं की चार-पाच झाडं हळूच उपटून, मुळं पाण्यात खळबळून पाहावीत. रोपवाटिकेतून आणलेल्या पेरूच्या किंवा डाळिंबाच्या पिशवीतल्या मुळांवरही आधी नजर टाकावी, कारण हा पाहुणा बहुतेक वेळा पैसे देऊन विकतच आणलेला असतो. गाठी दिसल्या तर रानातल्या आठ-दहा जागांची, १५ ते २० सेंटिमीटर खोलवरची ओली माती मुळांसकट एकत्र करावी आणि त्यातली पाव किलो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात न्यावी. नेताना ती स्कूटरच्या डिकीत उन्हात तापू देऊ नये, नाहीतर तपासायला जिवंत सूत्रकृमी उरतच नाहीत.